सर्व्हिसिंगचा आकडा दुपारी वाढतो तेव्हा

पत्राचा सारांश: यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहणाऱ्या एका जिल्हा परिषद शिक्षिकेचे पत्र आले आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी नवी घेतली आणि ती आतापर्यंत २७,४०० किलोमीटर चालली आहे. शाळेत जाण्या-येण्याचे रोजचे २२ किलोमीटर, त्यांतले निम्मे पांदण रस्त्याचे. महिन्यातून दोनदा सासऱ्यांना सावंगीच्या दवाखान्यात न्यावे लागते आणि हंगामात कधी बियाणे, कधी खताची पोतीही डिकीत असतात. मागच्या महिन्यात त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी सर्व्हिसिंगला सोडली तेव्हा ५,२०० रुपये खर्च सांगितला गेला होता. दुपारी त्या वर्गावर असताना फोन आला आणि सात जादा कामे सांगून आकडा १६,८०० वर गेला. ‘हे न केल्यास वॉरंटीला अडचण येऊ शकते’ असेही ऐकवण्यात आले. गोंधळून त्यांनी इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण आणि व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंग या चार कामांना होकार दिला. गाडीखालचे कोटिंग, ब्रेक ऑइल आणि एअर फिल्टर या तिन्हींना नकार दिला. बिल १०,६५० रुपये झाले. यजमान म्हणतात, यंत्रातले आपल्याला कळत नाही, सांगतील ते करून घ्यावे. दीर म्हणतात, ‘कंपनीवाले लुटतेत, आपल्या गावातला मिस्त्रीच बरा हाय.’ त्या विचारतात: मी फसले का, आणि यंत्राचे ज्ञान नसलेल्या माणसाने गरजेचे काम कोणते हे ओळखायचे कसे? दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन चिखलदऱ्याला जाण्याचा बेत असल्याचेही त्यांनी शेवटी लिहिले आहे.

सप्रेम नमस्कार, ताई.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना जे लक्षात आले ते आधी सांगतो. तुम्ही ज्या चार कामांना होकार दिला, त्यांतली तीन तुमच्या गाडीला बहुधा नको होती, आणि ज्या तीन कामांना नकार दिला त्यांतली दोन मात्र तातडीने करायला हवी होती. म्हणजे तुमची खरी अडचण पैसे जास्त गेले एवढीच नाही. हजारो रुपये खर्चूनही ब्रेकचे ऑइल तीन वर्षांचे जुनेच राहिले, ही त्याहून मोठी अडचण आहे. ‘फसले का’ या एका शब्दात हे सगळे बसत नाही, म्हणून तो प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू.

यजमान आणि दीर यांची मते एकमेकांच्या विरुद्ध दिसत असली तरी दोघांचे गृहीत एकच आहे, ते असे की आपण कोणावर तरी डोळे मिटून विश्वास टाकायचा आणि फक्त कोणावर टाकायचा एवढेच ठरवायचे. मला हे गृहीतच मान्य नाही. सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या सात कामांत खरी गरजही होती आणि विक्रीही होती, आणि दोन्ही एकाच आवाजात, एकाच फोनवर सांगितली गेली. अनेक सर्व्हिस सेंटरमध्ये सल्लागाराला अशा जादा कामांचे महिन्याचे उद्दिष्ट दिलेले असते. तो मुलगा बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या गावातून आलेला असतो आणि महिनाअखेरीस त्यालाही हिशेब द्यावा लागतो. त्याला लबाड ठरवण्याची गरज नाही, पण त्याने दिलेली यादी ही डॉक्टरची चिठ्ठी समजण्याचीही गरज नाही.

मग निवाडा कोणी करायचा? गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेने. तुमची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली असेल असे मी धरून चालतो, कारण माझीही सात वर्षे तशीच होती. तिच्या शेवटच्या भागात देखभालीचा तक्ता असतो. आडवे किलोमीटर आणि महिने, उभी कामे, आणि प्रत्येक चौकोनात तपासा किंवा बदला अशा अर्थाचे एक अक्षर. मजकूर इंग्रजीत असला तरी हजेरीपट भरणाऱ्या माणसाला तो तक्ता वाचायला दहा मिनिटे पुरतात. त्या तक्त्यात दोन गोष्टी मुद्दाम पाहा. एक म्हणजे, किलोमीटर किंवा महिने यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरायचे असते. ‘गाडी उभीच असते, चालते कुठे’ म्हणून दोन-दोन वर्षे इंजिन ऑइल न बदलणारे अनेक जण आपल्याकडे आहेत. ऑइल मात्र उभ्या गाडीतही जुने होते, आणि जवळच्या जवळच चालणाऱ्या गाडीत तर इंजिन पुरते तापत नसल्याने पाण्याचा अंश आणि न जळलेले पेट्रोल त्यात साचत राहते.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. बहुतेक पुस्तिकांत साध्या वापराच्या तक्त्याखेरीज कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो आणि त्यात धुळीचा रस्ता, वारंवार छोटे अंतर, जादा भार, कडक ऊन असे वापर मोडतात. पांदण रस्ता, रोजचे ११-११ किलोमीटर, डिकीतली पोती आणि यवतमाळचा मे महिना पाहता तुमची गाडी त्या दुसऱ्या तक्त्यातली आहे. याचा अर्थ काही कामे तुम्हाला शहरातल्या गाडीपेक्षा लवकर करावी लागतील. गरजेपेक्षा जास्त सांगितले जाते ही तुमची शंका रास्त आहे, पण तुमच्या रस्त्याचा विचार न करता गरजेपेक्षा कमी सांगितले जाण्याचीही शक्यता तितकीच आहे, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

एअर फिल्टरचेच पाहा. ‘हवा मारून चालेल’ असे तुम्ही म्हणालात असे पत्रात आहे. एकदा स्वतः पाहा: बॉनेट उघडल्यावर काळ्या प्लॅस्टिकचा एक चपटा डबा दिसतो, त्याच्या क्लिपा बोटांनी निघतात (काही गाड्यांत स्क्रू असतात), आणि आत घड्यांच्या कागदाची वडी असते. ती बाहेर काढून फरशीवर हलकेच आपटा आणि किती माती पडते ते बघा. मग तिच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरा. घड्यांमधून उजेड सगळीकडे सारखा येत असेल तर फिल्टर अजून कामाचा आहे. पट्टेच्या पट्टे काळे दिसत असतील तर त्याचे दिवस भरले. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जोरात हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडू शकतात आणि मग धूळ थेट इंजिनात जाते, म्हणून हवा मारायचीच तर कमी दाबाने आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे मारावी. डबा उघडलाच आहे तर आजूबाजूला उंदराच्या लेंड्या, कापसाचे पुंजके किंवा सोयाबीनची टरफले आहेत का तेही पाहून घ्या. धान्याच्या कोठीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी कुरतडल्या जाणे आपल्याकडे नवे नाही, आणि तो खर्च कोणत्याच तक्त्यात नसतो.

आता ब्रेक ऑइल. ब्रेक चांगले लागतात म्हणून तुम्ही नकार दिलात. हा युक्तिवाद सर्वसाधारणपणे बरोबर वाटतो. पण हे द्रव्य हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, हे सपाट रस्त्यावर कधीच जाणवत नाही. डॉट ४ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते. ओलावा शोषलेल्या अवस्थेत तीच मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. डॉट ३ असेल तर हे आकडे अनुक्रमे २०५ आणि १४० आहेत. तुमच्या गाडीला कोणते लागते ते बॉनेटखालच्या छोट्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेले असते. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बराच वेळ आल्यास चाकाजवळचे भाग भयंकर तापतात, जुने ऑइल उकळून नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल मऊ पडून खाली जाते. दारव्हा ते शाळा या रस्त्यावर हे घडणार नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि परतवाड्याकडे उतरणारा रस्ता वळणावळणाचा आहे. तिथे घडू शकते. ब्रेक ऑइल बदलण्याची मुदत अनेक पुस्तिकांत दोन वर्षांच्या आसपास असते, किलोमीटर कितीही झालेले असोत. तुमच्या गाडीला तीन वर्षे झाली.

ज्या कामांना तुम्ही होकार दिला त्यांचेही बघू. इंजिन फ्लश म्हणजे जुने ऑइल काढण्यापूर्वी त्यात एक साफ करणारे रसायन ओतून इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे. तुमचे ऑइल दरवर्षी वेळेवर बदलले गेले आहे, मग आत धुण्यासारखे फार काही साचलेले नसते, आणि बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात हे काम नसतेच. उलट ज्या गाडीचे ऑइल वर्षानुवर्षे बदललेले नाही तिच्यात या रसायनाने सुटलेला गाळ ऑइल खेचणाऱ्या जाळीत अडकण्याची भीती असते. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला ते निरुपयोगी आणि ज्याला गरज वाटते त्याला थोडे जोखमीचे. मला तरी हे काम विकत घेण्यासारखे कधी वाटले नाही. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग, साफ करणे हे खरे काम आहे, पण ते लक्षण दिसल्यावर करायचे. सकाळी गाडी लवकर चालू न होणे, उभी असताना थरथरणे, मधेच झटके देणे, इंजिनचा पिवळा दिवा लागणे यांपैकी काहीही तुमच्या पत्रात नाही. मायलेज कमी झाले असल्यास आधी टायरमधली हवा पाहावी. ती किती असावी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर असते, आणि हवा भरणाऱ्याने सांगितलेल्या आकड्याशी ते क्वचितच जुळते.

एसीचा वास पावसाळ्यात येतो कारण आतल्या ओल्या जाळीवर बुरशी धरते. घरी पोचण्याआधी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर जाळी वाळते आणि वास पुष्कळ कमी होतो. केबिन फिल्टर (गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा) बदलूनही वास राहिला तरच १,६०० रुपयांच्या निर्जंतुकीकरणाचा विचार करावा. अलाइनमेंटचे, म्हणजे चाके सरळ रेषेत बसवण्याचे, पैसे मात्र वाया गेले असे मी म्हणणार नाही. पांदण रस्त्यावरून चालणाऱ्या गाडीचे अलाइनमेंट बिघडणे स्वाभाविक आहे. पुढच्या वेळी सपाट रस्त्यावर हात किंचित सैल सोडून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहा, टायरच्या एकाच कडेची झीज जास्त आहे का ते तळव्याने चाचपा आणि मगच हो म्हणा. मशीनवर आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मिळतात, ते मागून घ्या.

४,८०० रुपयांच्या कोटिंगला दिलेला नकार योग्यच होता. समुद्राची खारी हवा जिथे आहे तिथे त्याला काही अर्थ असेल. आपल्या कोरड्या मुलखात, कारखान्यातूनच गंजरोधक थर घेऊन आलेल्या गाडीला ते कशाला? आपल्याकडे पत्र्याचे नुकसान करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. काळी माती चाकांच्या कमानीत भरते, वाळून दगडासारखी होते आणि पुढचे सहा महिने तिथे ओल धरून ठेवते. पावसाळा संपला की खालून पाण्याचा फवारा मारून ती काढून टाकावी. दुसरे म्हणजे तुमची ती खताची पोती. युरिया आणि डीएपीचे सांडलेले दाणे ओल धरतात आणि पत्रा खातात; डिकीत ताडपत्री अंथरल्याशिवाय पोते ठेवू नये, आणि दाणे सांडलेच तर झाडून, ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे.

वॉरंटीच्या धमकीचे उत्तर एका वाक्यात देता येते: ‘हे जॉब कार्डवर लिहून द्या.’ जॉब कार्ड म्हणजे गाडी सोडताना कामांची नोंद होते तो कागद. वॉरंटी टिकवण्यासाठी तक्त्यातली कामे वेळेवर, योग्य प्रतीच्या ऑइलने आणि बिलासह झालेली असावी लागतात. तक्त्यात नसलेले फ्लश किंवा कोटिंग नाकारल्याने ती जात नाही, आणि म्हणूनच ते कोणी लिहून देत नाही. मात्र तक्त्यातले काम नाकारले तर अडचण येऊ शकते, आणि ब्रेक ऑइल तक्त्यात आहे हे इथेही लक्षात असू द्या.

‘मला यंत्रातले कळत नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीन वेळा आले आहे. सासऱ्यांना सावंगीला नेता तेव्हा तुम्ही डॉक्टर नसूनही विचारताच ना, की ही तपासणी आज नाही केली तर काय होईल? सल्लागारालाही तेच विचारा. हे काम पुस्तिकेत कोणत्या पानावर आहे, पानावर नसेल तर गाडीत नेमके काय दिसले किंवा काय मोजले, आणि पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबलो तर काय बिघडेल. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस अडखळतो की सहज बोलतो यावरून मला बरेच कळते. ब्रेक ऑइलमधला ओलावा पेनासारख्या छोट्या उपकरणाने मोजता येतो, ब्रेक पॅडची जाडी डोळ्यांना दिसते, बॅटरीचे व्होल्टेज मीटरवर येते. मोजता येणारी गोष्ट मोजून दाखवा म्हणण्यात उद्धटपणा नाही. आणि फोनवर होकार देऊच नका. वर्गात चाळीस मुले समोर असताना कोणताही माणूस अर्ध्या मिनिटात चुकीचे ठरवेल. ‘यादी दरांसह व्हॉट्सॲपवर पाठवा, मधल्या सुट्टीत कळवते’ एवढे म्हणा. लेखी नोंद राहते, आणि यादी लिहिताना दोन-तीन कामे आपोआप गळतात.

दिरांच्या सल्ल्याबद्दल. गावचा मिस्त्री स्वस्त असतो आणि बरेचदा हातही चांगला असतो. पंक्चर, बॅटरी, बल्ब यांसाठी तुम्ही शहरात जाण्याचे कारण नाही. पण वॉरंटी चालू असेपर्यंत तक्त्यातली कामे अधिकृत ठिकाणीच करून घ्या. नंतर मिस्त्रीकडे गेलात तरी डब्यातले सुटे ऑइल घेऊ नका, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचा बंद डबा तुमच्यासमोर फोडला गेला पाहिजे, आणि साध्या कागदावर का होईना, तारीख व किलोमीटर लिहून घ्या. स्वस्त सल्ल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. रेडिएटरमध्ये कूलंट कशाला, पाणी पाणीच असते, असे मला एका ओळखीच्या मिस्त्रीने सांगितले आणि दोन उन्हाळे मी बोअरचे पाणी ओतत राहिलो. तिसऱ्या उन्हाळ्यात गाडी रस्त्यात वाफा सोडत थांबली. उघडलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर होता, आंघोळीच्या बंबात चढतो अगदी तसाच. त्यामुळे पुढे तुम्हाला कूलंट बदलायला सांगितले आणि पुस्तिकेची मुदत झालेली असली, तर वाद न घालता करून घ्या.

लवकरच तुम्हाला बॅटरी बदलण्याचाही सल्ला मिळेल, कारण ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती थंड प्रदेशातल्यापेक्षा लवकर थकते आणि तुमची तीन उन्हाळे काढून झाली आहे. रात्रभर उभ्या गाडीत ती १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल आणि लोड टेस्टमध्ये, म्हणजे भार टाकून केलेल्या चाचणीत, टिकत असेल तर थांबायला हरकत नाही. टायरमध्ये पैसे देऊन नायट्रोजन भरण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे सांगा की साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

आता फसण्याचा प्रश्न. कामे झाली असतील आणि तुम्ही होकार दिला असेल तर पैसे परत मागण्यासारखा मजबूत आधार तुमच्या हाती नाही; ते सुमारे चार-साडेचार हजार रुपये गेले असे धरा. पण बिलात लावलेले काम झालेच नसेल, किंवा खोटे कारण सांगून करायला लावले असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकाला लेखी विचारा, दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. हे इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो, विशेषतः नागपूर-पुण्याहून गाडी घेतली म्हणून तिथेच जावे लागेल असे समजणाऱ्यांसाठी.

चिखलदऱ्याला निघण्यापूर्वी मात्र दोन कामे राहिली आहेत. एका शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर ब्रेक ऑइल बदलून घ्या, बंद डबा समोर फोडायला सांगा, आणि त्याच फेरीत एअर फिल्टर उजेडात धरून पाहा. दोन्ही मिळून त्यांनीच सांगितलेला दर १,३५० रुपये होता. आणि परतवाड्याकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न येता दुसऱ्या गिअरमध्ये या.